रेड वाइनचं ब्लेंड आणि भावाभावांची भागीदारी

भागीदारीवरच्या व्हिडिओत मी वाइनच्या बाटलीचं उदाहरण दिलं होतं. तिथे हिशोब घाईत झाला, म्हणून इथे नीट मांडतो. वही-पेन घेऊन बसा. (वाइन प्या असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगतो!)

भवानी पेठेतले दोन भाऊ माझ्याकडे आले होते. टॉवेलचा कारखाना, वडिलांच्या वेळचे यंत्रमाग. मोठ्याने १२ लाख घातलेले, धाकट्याने ३ लाख. पण सकाळी आठपासून मागावर उभा राहतो तो धाकटा. मोठ्याचं दुसरं दुकान आहे. नफा मात्र निम्मा-निम्मा. "सर, आम्ही सख्खे भाऊ, आमच्यात कसला हिशोब?" असं मोठा म्हणाला, तेव्हा धाकटा खाली बघत होता. दोघांचं घरी बोलणं बंद व्हायच्या बेतात होतं.

आता बाटलीकडे येऊ. आपल्याच जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला फ्राटेलीच्या द्राक्षबागा आहेत. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरांतले भाऊ एकत्र आले: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. जमीन आणि इथल्या शेतीची माहिती एकाकडे, व्यापार एकाकडे, वाइनची जाण एकाकडे. जोडीला पिएरो मासी हे इटालियन वाइनमेकर. त्यांच्या एका रेड वाइनचं नाव 'सेट्टे', म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

सेट्टे हे ब्लेंड आहे, सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन या दोन जातींचं. सांजोव्हेसे इटलीतल्या टस्कनीची, तिच्यात आंबटपणा जास्त. कॅबर्नेची साल जाड, त्यामुळे रंग गडद आणि तुरटपणा भरपूर. एकटी सांजोव्हेसे कधी पातळ वाटते, एकटी कॅबर्ने कधी फार कडक. ब्लेंड करताना साधारणपणे प्रत्येक जातीची वाइन आधी वेगळी बनवतात, मग चाखून ठरवतात कुणाचं किती घ्यायचं. पाऊस, ऊन, पीक दरवर्षी वेगळं असतं, म्हणून प्रमाणही पुन्हा तपासतात. दोन जाती आहेत म्हणून निम्मं-निम्मं ओता, असं कुणी करत नाही.

आपण मात्र धंद्यात नेमकं तेच करतो. आणि कायदाही तुम्हाला तिथेच नेऊन सोडतो! १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ बघा. तुम्ही आपसात काही ठरवलं नसेल, तर नफा-तोटा सगळ्यांना सारखा. काम करणाऱ्या भागीदाराला पगार मागायचा हक्क नाही. भांडवलावर व्याजही आपोआप मिळत नाही. म्हणजे त्या घरात मोठ्याच्या जास्तीच्या पैशाला किंमत नाही आणि धाकट्याच्या घामालाही नाही. दोघंही आपापल्या जागी नाराज, आणि दोघंही बरोबर.

मग काय करायचं? समजा वर्षाचा नफा ९ लाख. निम्मा केला तर साडेचार-साडेचार. आता आधी भांडवलावर १२ टक्के व्याज काढा: मोठ्याला १,४४,०००, धाकट्याला ३६,०००. मग धाकट्याला महिना २५,००० पगार, म्हणजे वर्षाचे ३ लाख. उरले ४,२०,०००, ते सारखे वाटा. मोठ्याला एकूण ३,५४,०००, धाकट्याला ५,४६,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, करात व्याज-पगाराची किती वजावट मिळते ते सीएला विचारा.

मोठा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी मी दुकान बंद करून पूर्णवेळ आलो तर?" तर पगार दोघांना, आकडे बदला. म्हणूनच करारात एक ओळ घाला: दरवर्षी मार्चअखेर हिशोब बंद झाला की व्याज, पगार आणि वाटा दोघांनी बसून पुन्हा ठरवायचा.

करार स्टॅम्प पेपरवर करा आणि फर्मची नोंदणीही करून घ्या. नोंदणी नसेल तर बुडवलेल्या उधारीसाठी फर्मला कोर्टात दावा लावता येत नाही, आणि टॉवेलच्या धंद्यात उधारी किती असते ते तुम्हाला मी काय सांगणार.

गृहपाठ: वहीत चार रकाने करा. भागीदाराचं नाव, पैसा, रोजचे तास, आणि त्याच्याशिवाय अडेल असं एक काम. प्रत्येकाने स्वतंत्र भरायचं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवा.