लायब्ररीला घाबरतेस कशाला?

अगं, एम.ए.ला प्रवेश मिळाला, हॉस्टेल मिळालं, आणि लायब्ररीच्या दारातून मात्र परत फिरतेस म्हणे! कॉलेजात चिठ्ठी दिली की शिपाईदादा पुस्तक आणून देत, इथे सगळं आपलं आपण शोधायचं. गोंधळणारच गं. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचं नाव ग्रंथालयाला मिळालं. तेव्हापासून जमत आलेली पुस्तकं तुला एका दिवसात कशी उमगतील?

बघ, आधी ओळखपत्र घेऊन देवघेव विभागात जा. किती पुस्तकं मिळतात, किती दिवस, मुदत वाढवून कशी घ्यायची, उशीर झाला तर दंड किती, सगळं विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

मग ओपॅकवर, म्हणजे तिथल्या संगणकातल्या ग्रंथसूचीत शोध घे. लांबलचक नाव टाकू नकोस. लेखकाचं आडनाव आणि नावातला एखादा शब्द पुरतो. मराठी पुस्तक देवनागरीत सापडलं नाही तर तेच इंग्रजी अक्षरांत टाकून बघ, स्पेलिंग बदलून बघ. पुस्तक जागेवर आहे की कुणी नेलंय, तेही तिथेच दिसतं. नेलं असेल तर आपल्या नावावर राखून ठेवता येईल का, ते विचार.

आता बोधांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, टिपून घे. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई दशांश पद्धत असते. तीत ३३० म्हणजे अर्थशास्त्र आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. खरं सांगू का, या आकड्यांचा खरा फायदा कपाटापाशी कळतो. डाळींच्या डब्याशेजारी डाळींचाच डबा असावा, तशी एका विषयाची पुस्तकं शेजारीशेजारी असतात. म्हणून हवं ते मिळालं तरी लगेच वळू नकोस, डावी-उजवीकडची चार चाळून बघ. चाळलेलं मात्र टेबलावरच ठेव. भलत्या जागी खोचलेलं पुस्तक पुढच्या मुलीसाठी हरवल्यातच जमा.

कोश आणि संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, ते तिथेच बसून वाच. जुने पीएच.डी. प्रबंध हवेत तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं 'शोधगंगा' हे संकेतस्थळ आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. प्रबंधाच्या शेवटची ग्रंथसूची आधी बघ, पुढचा शोध सोपा होईल.

आणि अडलीस तर तिथल्या ग्रंथपालांना विचार गं! "मराठीचं काही आहे का?" असं मोघम नको. "मला दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरची समीक्षा हवी आहे" असं नेमकं सांग. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथनांनी १९३१ साली मांडले, त्यात वाचकाचा वेळ वाचवणं हाही एक आहे. तुला मदत करणं हे त्या लोकांचं कामच आहे, उपकार नाहीत. एवढ्या स्पर्धेतून तू इथवर आलीस, तुला हेही जमेल.

तेव्हा उद्या तास संपला की थेट तिकडे जा. एक पुस्तक तरी नावावर घेऊनच हॉस्टेलवर ये, आणि परतीची तारीख मोबाइलमध्ये लगेच लाव, काय?