वैर सरल्यानंतर : मुनशींची मंजरी आणि उत्तरभागाचा प्रश्न

शापित राज्य, काळी विद्या, एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे आणि त्या वैरातून उमलणारे प्रेम : माझे विद्यार्थी हल्ली अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या मोबाइलवर रात्र रात्र वाचतात. पहिल्या भागाच्या शेवटी वैर मावळते. मग दुसरा भाग कशावर उभा राहणार? पुष्कळ लेखक एखादा गैरसमज पेरून तेच भांडण पुन्हा उकरून काढतात. हा पेच समजावताना मी कन्हैयालाल मुनशींकडे वळतो. उधना-लिंबायतच्या मराठी घरांतील मुले गुजराती सहज वाचतात. शिवाय कादंबरीतले भृगुकच्छ म्हणजे आपल्या शेजारचे भडोच, खुद्द मुनशींचे जन्मगाव.

'पाटणनी प्रभुता' (१९१६), 'गुजरातनो नाथ' आणि 'राजाधिराज' ही सोळंकी काळावरची त्रयी. तिच्यावर ड्यूमाची छाया आहे, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पण मंजरी ड्यूमाकडून आलेली नाही. 'गुजरातनो नाथ'मध्ये ही विदुषी काक या लाटच्या योद्ध्याशी लग्न करते खरे, पण त्याला आपल्या तोलाचा मानत नाही. संस्कृत न जाणणारा शूर तिच्या लेखी अडाणीच. काक तिला बळाने जिंकत नाही. तिच्या नजरेत चढावे म्हणून स्वतः वाढतो. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवतो, कारण या प्रकारच्या कथांत स्त्रीचा अभिमान मोडणे म्हणजेच प्रेम, असे सर्रास धरले जाते. मुनशीही त्यातून नेहमी सुटले नाहीत. 'पृथिवीवल्लभ'मधील तपस्विनी मृणालवती बंदिवान मुंजापुढे ढासळते, ती पुन्हा सावरत नाही. (सोहराब मोदींच्या १९४३ च्या चित्रपटात दुर्गा खोटे यांनी ती भूमिका केली होती.)

'राजाधिराज'मध्ये मुनशी जोडप्यात नवे भांडण लावत नाहीत. काक दूर जातो आणि मंजरी भृगुकच्छाच्या वेढ्यात अडकते. पहिल्या भागात जो ताठा नवऱ्याच्या आड येत होता, त्याच ताठ्यावर आता किल्ला तग धरतो. अन्नावाचून ती खंगते आणि तिथेच प्राण सोडते. ताण वाढतो तो वैरामुळे नव्हे. एवढ्या कष्टाने जुळलेली बरोबरी आता हातची जाणार, हे वाचकाला दिसत असते म्हणून.

याच कादंबरीत दुसरी बाजूही आहे. जयसिंह सिद्धराज जुनागढ जिंकतो, रा' खेंगार पडतो आणि विजेत्याला त्याची राणी राणक हवी असते. इथे शत्रूचा प्रियकर होत नाही. राणक नकार देते आणि वढवाणला सती जाते. लोककथेत तर ती गिरनारालाच दटावते : राजा पडला, तू अजून उभा कसा? डोंगर कोसळू लागतो आणि तीच त्याला थोपवते. अद्भुत म्हणजे केवळ जादूटोणा नव्हे, हे या एका प्रसंगावरून वर्गात चटकन पटते. सती जाण्याचा गौरव मात्र आपण आज जसाच्या तसा स्वीकारू शकत नाही, आणि तसे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

विद्यार्थ्यांनी मंजरीची आणि राणकची प्रकरणे लागोपाठ वाचावीत. कोणत्या स्त्रीला 'नाही' म्हणण्याची मुभा होती आणि त्या नकाराची किंमत कोणी मोजली, एवढेच दोन रकान्यांत लिहावे. मग आपल्या आवडीच्या उत्तरभागालाही तेच दोन रकाने लावून पाहावेत.