लाल तुमान आणि खाकी डगला

गावात पोलीस आला की खाकी रंगावरून आपण त्याला लांबूनच ओळखतो. पण हा रंग निघाला तो दिसू नये म्हणून!

फारसी भाषेत खाक म्हणजे धूळ. आपण 'जळून खाक झाले' म्हणतो, तो हाच शब्द. १८४६ साली इंग्रजांनी पेशावरला 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. तिच्या शिपायांना लवकरच मातकट कपडे दिले. डोंगरात माणूस मातीत मिसळून जाई. गोरे सोजीर तेव्हा लाल डगले घालीत. पुढे बंदुकीची गोळी लांब जाऊ लागली, तेव्हा इंग्रजांनीही लाल डगला सोडला. १९०२ सालापासून त्यांच्या साऱ्या फौजेला लढाईसाठी खाकी झाली.

१९१४ च्या ऑगस्टात पहिले महायुद्ध लागले. इंग्रज आणि फ्रेंच एका बाजूला, जर्मन समोर. इंग्रज खाकीत, जर्मन करड्या कपड्यांत. आणि फ्रेंच शिपाई? अंगात निळसर लांब कोट, खाली लालभडक तुमान! टोपीही लालच, पण तिच्यावर निळी खोळ चढवीत. तुमानीला कसली खोळ घालणार?

बदल कुणी सुचवला नव्हता असे नाही. १९११ साली काही फ्रेंच शिपायांना करडे-हिरवे कपडे घालून पाहिले होते. लोकांना ते रुचले नाहीत. पूर्वी युद्धमंत्री असलेले एतिएन साहेब तर म्हणाले, लाल तुमान म्हणजेच फ्रान्स. आम्हाला हे पटत नाही. बोलणारा सभेत बसलेला, तुमान घालणारा उघड्या रानात उभा. शेवटी जुलै १९१४ मध्ये नव्या रंगाचा कायदा झाला. महिन्याभरात लढाई लागली. कपडे शिवायला सवड कुठली?

२२ ऑगस्टला एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच शिपाई मेले. सगळा दोष तुमानीचा नव्हे. समोर मशीनगनी होत्या, तोफा होत्या, आणि उघड्यावर चाल करून जायचा हुकूम होता. पण लाल रंगामुळे नेम धरणे सोपे झाले, एवढे खरे.

सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स त्यांत होते. सुरुंग लावायचे, पूल बांधायचे, हे त्यांचे काम. त्यांच्यात मराठे जवानही होते. २८ ऑक्टोबरला ते न्यूव्ह शापेल गावी लढले. पुष्कळ जण कामी आले. या हिंदी शिपायांच्या अंगावर खाकीच होती. रंग बरोबर, पण कापड चुकीचे. उन्हाच्या मुलखासाठी विणलेले ते पातळ सुती कापड! थंडी पडली, खंदकात चिखल झाला, तरी सगळ्यांना गरम कपडे वेळेवर मिळाले नाहीत.

१९१५ साली फ्रेंच शिपायांना फिकट निळे कपडे आले. आभाळ जमिनीला टेकते तिथला तो रंग. त्याच वर्षी दोन्ही फौजांत पोलादी टोप येऊ लागले. फ्रेंच टोपाला वर उभी कड. इंग्रजी टोप पसरट, पालथ्या ताटलीसारखा. कपडे चिखलाने भरले तरी शिपाई कोणत्या फौजेचा, ते टोपावरून कळे.