बिनतारी कळ

नागपूरच्या पूर्व भागात कळमना येथे शेतमालाची मोठी बाजारपेठ आहे. समजा, तेथील एखाद्या गोदामातील मोठा पंखा दुरूनच चालू-बंद करावा, असे एका हौशी तरुणाच्या मनात आले. त्याने सुटे भाग जोडून सर्किट बोर्ड तयार केला. हातातील बटण दाबताच बिनतारी संदेश गेला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि पंखा फिरू लागला. पण एवढ्याने काम पुरे झाले काय?

तो आवाज रिलेचा. रिले म्हणजे विजेने चालणारी कळ. तिच्यातील तारेच्या वेटोळ्यातून पाच व्होल्टांचा क्षीण प्रवाह गेला, की ते चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते आणि २३० व्होल्टांचा मार्ग जोडला जातो. अशा रीतीने लहानशा बोर्डावर निरुपद्रवी वीज आणि प्राणघातक वीज शेजारी शेजारी असतात. दोहोंमध्ये पुरेसे अंतर नसेल, तर धूळ व ओलावा यांतून वीज पलीकडे जाते. म्हणून अंतर राखावे, फ्यूज बसवावा आणि बोर्ड पेटीत बंद करावा.

मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह घेते. रिले दुबळा असल्यास ठिणगीने त्याची टोके चिकटतात. मग बटण बंद केले तरी पंखा थांबत नाही. शिवाय दूरचा माणूस बटण केव्हा दाबील, हे पंख्याजवळच्या माणसास कसे कळावे? म्हणून पंख्याला हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद केलीच पाहिजे.

दुसरा विचार बिनतारी लहरींचा. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई केली. पुढे २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवान्यावाचून खुला झाला. मात्र दुसऱ्यास व्यत्यय न आणण्याची अट त्याबरोबर आलीच.

रिलेवर प्रमाणाची खूण असली, तरी ती त्या एका भागाची असते. विटा पक्क्या असल्या म्हणून भिंत सरळ होतेच असे नाही. तसेच संपूर्ण साधनाची तपासणी निराळी करावी लागते. चालणारे साधन बनविणे हे कौशल्य आहे. त्यापासून कोणास इजा होऊ न देणे, ही जबाबदारी आहे.

स्वाध्याय
१. बोर्डावरील दोन प्रकारच्या विजेत अंतर का राखतात?
२. रिलेची टोके चिकटल्यास काय घडते?
३. विटा आणि भिंत यांचे उदाहरण कशासाठी दिले आहे?