नाथसागराच्या सपाट काठासाठी होडीचा ट्रेलर

प्रश्न : पैठणजवळ नाथसागरात ३०० किलोची फायबरची होडी उतरवताना ट्रॅक्टर चिखलात रुततो. ट्रेलरची रचना कशी असावी?

उत्तर : जायकवाडी धरणाचा हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ असल्यामुळे पाणी थोडे उतरले तरी काठ दूर सरकतो आणि मध्ये काळ्या मातीचा चिखल उरतो. वीस मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर अर्धा मीटर खोलीसाठी ट्रेलर दहा मीटर आत न्यावा लागतो. त्यामुळे होडी ट्रेलरवरच तरंगवून सोडण्याची, पक्क्या उतरत्या धक्क्यावर सोयीची ठरणारी पद्धत येथे निरुपयोगी आहे.

त्याऐवजी कलती चौकट, म्हणजे बिजागरीवर मागे झुकणारा सांगाडा, आणि त्यावर होडीच्या कण्याला आधार देणारे रबरी रोलर असावेत. चौकट दहा अंश कलली, तर घर्षण वगळता होडी वर ओढण्यास सुमारे ५२ किलोभार ओढ पुरते, जी दोर गुंडाळणाऱ्या हातविंचने एकट्यालाही देता येते. चाके रुंद व कमी हवेची असावीत, ट्रॅक्टर कोरड्यात राहावा म्हणून जोडदांडा लांबवता यावा, आणि प्रवासात एकूण वजनाचा ५ ते १० टक्के भार जोडणीवर पडेल अशा बेताने आस बसवावा, अन्यथा ट्रेलर मागे डोलतो.

चाके पाण्याबाहेर राहणे हा या रचनेचा सर्वांत मोलाचा लाभ होय, कारण प्रवासात तापलेला चाकाचा तुंबा पाण्यात एकदम थंड होताच आतली हवा आकसून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. जलाशय पक्षी अभयारण्यात मोडतो, त्यामुळे उतरण्याची जागा वनविभागाला विचारूनच ठरवावी.