गाडी मिसिंग मारते तेव्हा

जुन्या मोटारीचा आवाज तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकला आहे का? इंजीन ठीक असेल तर आवाज एकसारखा येतो. बिघाड झाला, की मध्येच एखादा ठोका चुकतो. उभी गाडीसुद्धा थरथरते, चढावर जोर कमी पडतो आणि सायलेन्सरमधून 'फट् फट्' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला 'मिसिंग' म्हणतात. 'गाडी मिसिंग मारते' हे वाक्य तुम्हीही कधी तरी ऐकले असेल.

आपण एका खऱ्याखुऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यात प्रीमियर पद्मिनी ही मोटार तयार होत असे. लोक तिला 'फियाट'च म्हणत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे बहुतेक हीच गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची टॅक्सी म्हणून सेवा संपली. तिच्या इंजिनात एका रांगेत ४ सिलिंडर होते.

प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते. पिस्टन ते दाबतो. त्याच क्षणी स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत एका सिलिंडरमध्ये एकदा ठिणगी पडते. इंजीन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडायला हव्यात! दाब, पेट्रोल-हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी, या तिघांपैकी एकानेही दगा दिला, तर तो ठोका वाया जातो.

आता ठिणगी कोठून येते ते पाहा. बॅटरी असते फक्त १२ व्होल्टची. कॉइल या दाबाचे रूपांतर दहा हजारांहून अधिक व्होल्टमध्ये करते. हा करंट डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मध्यभागी येतो. टोपीच्या आत रोटर फिरत असतो. तो १-३-४-२ या क्रमाने एकेका सिलिंडरच्या वायरला करंट वाटत जातो. पोस्टमन घरोघर पत्रे वाटतो, तसेच हे काम आहे.

१९९६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शेजारचे चाचा पद्मिनी टॅक्सी चालवीत. त्यांची गाडी आधी फक्त सकाळी मिसिंग मारू लागली. ऊन पडले की ठीक होई. आठवडाभरात ती दिवसभर अडखळू लागली. चाचांनी चारही प्लग नवे घातले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला. फरक पडला नाही. एका मोठ्या गॅरेजमध्ये त्यांना सांगितले, "इंजीन उतरवून काम करावे लागेल. आठ दिवस गाडी ठेवा." खर्चाचा आकडा ऐकून चाचा गप्पच झाले. आठ दिवस टॅक्सी उभी, म्हणजे आठ दिवस कमाई बंद. शिवाय मुलीची फी भरायची होती.

शेवटी ते गल्लीतल्या उस्तादांकडे गेले. मीही सोबत होतो. उस्तादांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारले, "कधीपासून? सकाळी जास्त की दुपारी? पाऊस पडल्यावर वाढते का?" मग बोनेट उघडले आणि इंजीन चालू ठेवून, जाड रबरी मुठीच्या पक्कडीने पहिल्या प्लगची वायर क्षणभर काढली. गाडी आणखी अडखळली. वायर परत लावली. दुसरी काढली, तसेच झाले. तिसरी काढली, तर आवाजात काहीच फरक नाही! चौथी काढताच गाडी पुन्हा अडखळली.

याचा अर्थ काय? जो आधीच काम करत नाही, त्याला थांबवले तरी फरक पडत नाही. म्हणजे दोषी होता सिलिंडर नंबर ३.

(हा प्रयोग तुम्ही करू नका. या करंटचा झटका धोकादायक असतो, फिरत्या पट्ट्यात बोटे सापडू शकतात. आणि नव्या गाड्यांत अशी वायर काढली तर महागडे भाग जळतात.)

पुढचा विचार मला फार आवडला. उस्ताद म्हणाले, "कार्ब्युरेटर चौघांचा एकच. कॉइल एकच, पॉइंट एकच, रोटर एकच. त्यात खराबी असती, तर चौघेही रडले असते. इथे एकटा तिसरा रडतो आहे. मग जे फक्त तिसऱ्याचे आहे, तेच पाहायचे."

फक्त तिसऱ्याचे काय काय होते? त्याचा प्लग, त्याची वायर, टोपीतील त्याची जागा आणि त्याचे वॉल्व्ह व पिस्टनच्या रिंगा.

त्यांनी तिसरा प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होते, पण जळत नव्हते. त्यांनी तो प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला नाही, तिसऱ्यातच राहिला. प्लग सुटला. चांगली वायर लावून पाहिली, तरी तेच. मग गेज लावून चारही सिलिंडरचा दाब मोजला. आकडे जवळजवळ सारखे आले. वॉल्व्ह आणि रिंगाही सुटल्या. इंजीन उतरवायची गरजच नव्हती! चाचांनी तेव्हा पहिल्यांदा चहा मागवला.

आता उरली टोपी. अंधार पडेपर्यंत उस्ताद थांबले. मग दिवा बंद करून गाडी चालू केली. टोपीच्या अंगावरून एक बारीक निळी ठिणगी खाली सरपटत होती. टोपी काढून पुसली, तेव्हा तिसऱ्या जागेपासून काठापर्यंत केसासारखी काळी रेघ दिसली. ती चीर होती. सकाळच्या दमट हवेत चिरेत ओल शिरे आणि करंट प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळून जाई. दर वेळी थोडे जळून काजळी साठे, आणि पळवाट आणखी सोपी होई. म्हणूनच आधी फक्त सकाळी होणारा त्रास पुढे दिवसभर होऊ लागला.

नवी टोपी आली, चारही वायरी क्रमाने लागल्या आणि गाडी एका सुरात चालू लागली. इंजिनाच्या कामाच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस असूनही, चाचांची टॅक्सी स्टेशनवर उभी होती.

आजच्या गाड्यांत संगणक असतो. यंत्र जोडले की पडद्यावर 'पी ०३०३' असा संकेत येतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण कोणता सिलिंडर ते कळले, तरी का ते अजून शोधायचेच असते.

आता तुम्ही सांगा. एका पद्मिनीची चारही सिलिंडर सारखीच अडखळतात, कोणतीही वायर काढली तरी आवाज तेवढाच बिघडतो. उस्तादांनी सांगितलेल्यांपैकी कोणते भाग तुम्ही आधी पाहाल, आणि कोणते भाग लगेच सोडून द्याल?