रात्रपाळीचा राखणदार

सांज होते. चिंचोळी एमआयडीसीत दिवसपाळीचे कामगार घरी निघतात. रात्रपाळीचे कामावर येतात. त्याच वेळी शेतशिवारात आणखी एक गडी कामाला निघतो. त्याला हजेरी नाही, पगार नाही. हा गडी म्हणजे घुबड.

एकदा आमच्या वर्गात एक ताई म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या माळ्यावर घुबड बसतंय. सासूबाई म्हणत्यात, अपशकुन हाय. मालक काठी घेऊन टपून बसल्यात."

आम्ही म्हणालो, "ताई, आज काठी राहू द्या. उद्या सकाळी माळ्याखाली काय पडलंय ते बघा."

दुसऱ्या दिवशी ताईंनी कागदात काळपट गोळे बांधून आणले. आम्ही काडीने एक गोळा उकलला. आत केस होते. बारीक हाडे होती. उंदराच्या कवट्या होत्या! घुबड उंदीर सबंध गिळते. जे पचत नाही, त्याचे गोळे तोंडावाटे टाकते.

ताई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कणगीतली ज्वारी खाणारे हेच का?"

होय, हेच. उंदीर दाणा खातो, नासवतो. घुबड उंदीर खाते. मग घुबड आपले वैरी की सोबती?

ताईंच्या माळ्यावरचे ते गव्हाणी घुबड. त्याचे तोंड पांढरे, पत्त्यातल्या बदामासारखे. त्याचे दोन कान एका पातळीत नसतात. त्यामुळे अंधारातही उंदीर नेमका कुठे खुडबुडतो ते त्याला कळते. त्याच्या पंखांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात. म्हणून उडताना आवाज होत नाही. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते मान वळवते. आपल्या मानेत 7 मणके असतात, घुबडाच्या मानेत 14.

सोलापुरात वनखात्याचे सिद्धेश्वर वनविहार आहे. अशा झाडीत पिंगळा राहतो. तो साळुंकीपेक्षाही थोडा लहान. अंगावर पांढरे ठिपके. झाडाच्या ढोलीत तो अंडी घालतो. किडे, पाली, उंदीर खातो. ओढ्याच्या दरडीत शृंगी घुबड राहते. त्याच्या डोक्यावर शिंगे दिसतात. ती शिंगे नव्हेत, पिसांचे तुरे.

सातपुड्यातला रानपिंगळा तर नाहीसा झाला असेच जाणते लोक समजत होते. 1884 नंतर त्याचा भरवशाचा पत्ता नव्हता. 1997 साली तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. झाडी राहिली, म्हणून तो राहिला.

घुबड ओरडले म्हणून कोणी मरत नाही. ते आपल्या जोडीदाराला हाक मारते, आपली हद्द सांगते. लक्ष्मीचे वाहन म्हणून त्याला हात जोडायचे आणि दारी आले की दगड मारायचा, हे बरे नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घुबड मारणे, पकडणे, विकणे हा गुन्हा आहे.

आपण काय करावे? ढोलीचे जुने झाड तोडू नये. उंदरांना जालीम विष घालू नये. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही मरते. जखमी घुबड दिसले, तर वनखात्याला कळवावे.

ताईंच्या घरची काठी कोपऱ्यात गेली. सासूबाई आता म्हणतात, "बसू दे बापडं. कणगी राखतंय."

सांगा पाहू :
1. गोळ्यात काय निघाले?
2. घुबड मान का वळवते?
3. तुमच्या गावात घुबड कुठे राहते? दोन ओळी लिहा.